समुद्री गंजावर संशोधन: पवई की अंधेरी?

ससून डॉकच्या एखाद्या जुन्या लोखंडी खांबावरची कालवांची खपली काढून बघा. खाली काळा, चिकट थर लागतो आणि सडक्या अंड्यांचा भपका येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवा न पोचणाऱ्या त्या थरात समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात; तेच हा वायू सोडतात आणि धातू गंजवतात. थर पुसला की धातूत खोल खड्डे दिसतात.

यावर संशोधन करायचं तर मुंबईत दोन वाटा आहेत. अभियंत्यांनी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पवईला आयआयटीच्या धातुशास्त्र विभागात एम.टेक. करावं. तिथे भर धातू आणि विद्युतरसायनावर, म्हणजे गंजताना होणाऱ्या विद्युत-रासायनिक क्रियांवर.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांनी मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अंधेरीतल्या केंद्रात पीएच.डी.चा विचार करावा. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय गोव्यात, त्यामुळे मार्गदर्शक नेमके कुठे बसतात ते आधी विचारा.

मला स्वतःला अंधेरीची वाट जवळची वाटते. जीवाणू वाढवायचा हात एकदा बसला की विद्युतरसायन नंतर शिकता येतं; उलटं जमायला फार वेळ लागतो. अर्ज कुठेही करा, मार्गदर्शकांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून त्यातला एक नेमका प्रश्न पत्रात विचारा.