वस्तीच्या वाय-फायसाठी सीपीई५१०: गच्चीवरचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेडा, पत्रे आणि गच्च्या दाटीने उभ्या आहेत. तिथे गच्चीवरून गच्चीवर इंटरनेट नेणाऱ्या सामायिक जाळ्यासाठी टीपी-लिंकचा सीपीई५१० मनापासून सुचवावा असा रेडिओ आहे. ५ गिगाहर्ट्झ, १३ डीबीआयचा (सिग्नल एका दिशेला एकवटण्याचं माप) अँटेना. १५ किलोमीटरचा पल्ला मोकळ्या माळावरचा समजा. मध्ये पाण्याची टाकी आली की ३०० मीटरवरही लिंक अडखळते. दोन्ही टोकं एकमेकांना डोळ्यांनी दिसलीच पाहिजेत.

वीज २४ व्होल्ट पॅसिव्ह, म्हणजे उपकरण न तपासता थेट सोडलेली, नेटवर्कच्या केबलमधूनच. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) चुकून जोडला तर बोर्ड जळतो. केबल बाहेर वापरायचीच घ्या, साधी केबल इथल्या मे महिन्यात तडकते. रेडिओत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, पावसाचं पाणी तिथूनच टपकून जातं. मॅक्सट्रीम (रेडिओंना पाळीपाळीने बोलू देणारी टीपी-लिंकची पद्धत) फक्त त्यांच्याच फॅरोस मालिकेतल्या रेडिओंमध्ये चालतं, सीपीई५१० त्यातलाच, ते सुरू असताना फोन जोडले जात नाहीत. फोनसाठी खाली वेगळा राउटर हवाच.

पैशांचं म्हणाल, तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वाय-फाय योजनेत वाय-फाय देणाऱ्या दुकानदाराला परवाना लागत नाही. गच्ची देणाऱ्याला मोबदला डेटा-कूपनांत, म्हणजे ठरावीक इंटरनेट वापरू देणाऱ्या कोडांत, द्यावा. खरेदी-विक्रीचं क्रिप्टो-टोकन काढू नका. अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे. कूपनांची मुदत राउटरच्या घड्याळावर चालते आणि बहुतेक स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ चुकते, चांगली कूपनंही नाकारली जातात. म्हणून मुख्य राउटरला छोटा यूपीएस आधी, जास्तीचा रेडिओ नंतर.