पद्मिनीचे डिस्क पॅड आणि माझे ₹52,850

जुनी गाडी पावसाळ्यापुरती कुणाच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर आधी हे वाचा. थंड देशांत क्लासिक गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात, आपल्याकडे तोच प्रकार जून ते सप्टेंबर. सोसायटीत उघडं पार्किंग असलं की प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे आपल्या जुन्या फियाटच्या, दारांच्या खालच्या कडा आणि फ्लोअर सडायला दोन पावसाळे पुरतात. म्हणून एका शेडवाल्याला पैसे मोजले, चैन म्हणून नाही.

हिशेब असा. महिना ₹4,500 प्रमाणे चार महिन्यांचे ₹18,000 आगाऊ. 'तयारी'चं बिल ₹11,350. गाडी परत मागितली तेव्हा 'इंजिन जाम झालं होतं, उघडावं लागलं' म्हणून ₹23,500, रोख, पावती नाही. एकूण ₹52,850. शिवाय टाकीत भरून दिलेलं 30 लिटर पेट्रोल, ₹3,120 चं. गाडी आली तेव्हा काटा तळाला.

आता ते तयारीचं बिल बघा. ऑइल बदल ₹2,350, ब्रेक ऑइल ₹850, नवी बॅटरी ₹5,650, कव्हर ₹1,100 आणि फ्रंट डिस्क पॅड ₹1,400. डिस्क पॅड! पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. या गाडीत डिस्क ब्रेक नाहीच, तर पॅड कुठे बसवले? बिल व्हॉट्सॲपवर आलं, ती ओळ मी वाचली आणि पैसे पाठवले. आधीच्या गाडीच्या बिलातली ओळ चुकून राहिली असेल, असं कुणालाही वाटलं असतं. त्यात हा शेडवाला सोलेक्स कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जेटवर, म्हणजे त्यातल्या बारीक भोकांवर, अर्धा तास बोललेला. त्याला फियाट कळत नाही असं कोण म्हणेल? कळत होतीच, म्हणून तर नेमका तो कार्बोरेटर काढून नकली बसवला.

बिलातली अशी एक ओळ दिसली की पैसे थांबवा आणि त्याच दिवशी शेडवर जा.

दर पंधरवड्याला व्हिडिओ यायचा. इंजिन चालू, खाली मजकूर 'आज 10 किमी फिरवली'. जूनच्या आणि जुलैच्या व्हिडिओत किलोमीटरचे आकडे तेच. विचारलं तर 'केबल तुटलीय'. जुन्या फियाटची स्पीडोमीटर केबल तुटते हे खरंच आहे, त्यामुळे बोलायला जागाच उरली नाही. व्हिडिओ मागायचा तर त्या दिवसाचं वर्तमानपत्र बॉनेटवर ठेवून मागा.

आणि गाडी खरंच फिरवत नसतील तर नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू करणं बंद करायला सांगा. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सेल मारताना गेलेला करंट बॅटरीत परत भरत नाही. एक तर वीस-पंचवीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, नाहीतर हातच लावू नका.

चार महिने ठेवायची गाडी कशी ठेवतात हे त्याला माहीत होतं, कारण पैसे त्याच कामाचे घेतले. ऑइल आधी बदलायचं, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल. हँडब्रेक सोडायचा, चाकांना लाकडी ठोकळे. टायरमध्ये हवा 35-40. क्लच पेडल लाकडाने दाबून अडकवायचं. टाकी भरलेली, म्हणजे पत्र्याला हवा लागत नाही. कार्बोरेटर मात्र रिकामा, कारण इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि जेट पांढरे पडतात. बॅटरी काढून महिन्याला चार्ज, 12.4 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही. वर सुती कव्हर.

झालं काय? ₹1,100 चं कव्हर म्हणजे निळी ताडपत्री. आतून घाम धरला आणि बॉनेटच्या रंगाला फोड आले. 'नव्या' बॅटरीवरचा तारखेचा कोड खरवडलेला. स्टेपनी, जॅक आणि दोन व्हील कॅप गायब. हँडब्रेक चार महिने ओढलेला, त्यामुळे ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले. क्लच पेडल दाबून ठेवलं नाही, म्हणून क्लचप्लेट फ्लायव्हीलला. यालाच तो इंजिन जाम म्हणत होता! प्लग काढा, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून फिरवून बघा. फिरली तर इंजिन जाम नाही. उघडलंही नव्हतं. हेडच्या नटांवर तेल-धुळीचा काळा थर जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर नटांचे कोपरे चमकले असते. पण हे दिसलं गाडी घरी आल्यावर. पैसे दिल्याशिवाय त्याने किल्लीच दिली नव्हती.

मग पोलीस. 'हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' दिवाणी कसा? भारतीय न्याय संहितेचं 316 वं कलम अमानतीत खयानतीचं, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू ढापण्याचं, आहे आणि त्याच्या तिसऱ्या पोटकलमात गोदामवाल्याने ताब्यातला माल ढापला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे छापून नेलं. साहेबांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, 'एवढ्या जुन्या गाडीची किंमत ती काय?' अर्जावर पोच मागितली तर शिक्का नाही. हवालदार म्हणतो, 'बसून मिटवा ना.' मी बसू? आरटीओत म्हणे आरसी तुमच्याच नावावर आहे, मग तक्रार कसली. विमावाले म्हणे गाडी तुम्हीच त्याच्या हवाली केलीत, ही चोरी होत नाही. म्हणजे चोराला किल्ली आपण दिली की चोरी उरतच नाही! पोच मिळाली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

गाडी देण्याआधी बॅटरीचा कोड, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी नंबर, चासी आणि इंजिन नंबर, किलोमीटर, सगळ्याचे फोटो काढा. कार्बोरेटरच्या बॉडीवर खाली, दिसणार नाही अशी खूण कोरा. डिकीतल्या सामानाची यादी करून त्याची सही घ्या. सही द्यायला कुरकुरला तर गाडी तिथूनच फिरवा.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत घटनेपासून 2 वर्षं. माझा अर्ज गेलाय. ₹29,350 चे यूपीआय आणि डिस्क पॅडचं बिल जोडलंय. रोख दिलेल्या ₹23,500 ला मात्र माझ्याकडे पुरावा शून्य.