हरितगृहातील अ‍ॅक्वापोनिक्स : पपई लावावी की अंजीर?
अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि झाडे एकाच फिरत्या पाण्यावर वाढवणे. माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे जिवाणूंकरवी नायट्रेट होऊन तेच पाणी झाडांना मिळत असल्याने या पद्धतीत नत्राची सहसा वाण नसते. कमतरता जाणवते ती पालाश (पोटॅशियम) आणि लोहाची. पपई खादाड असून लागवडीनंतर साधारण 10 महिन्यांत तोडणीला येते, पण पालाश अपुरे पडले की तिच्या जुन्या पानांच्या कडा करपू लागतात. अशा वेळी पाण्याचा सामू (pH) वाढवण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड जपून वापरल्यास दोन्ही कामे साधतात. अंजीर मात्र जादा नत्रावर नुसते माजते आणि फळे लांबवते. मुळांशी पाणी साचलेले दोघांनाही चालत नाही, म्हणून मुळे सतत पाण्यात ठेवणाऱ्या तरंगत्या तराफ्यापेक्षा सायफनने भरणारा आणि रिकामा होणारा खडीचा वाफाच बरा.

खरा फरक रोगांत आहे. पपईचा रिंगस्पॉट विषाणू मावा ही कीड पसरवते आणि बारीक जाळी तिला बाहेरच अडवते. तैवानमध्ये पपई जाळीगृहात घेतात ती याचसाठी. अंजिराच्या पानाखाली तांबेरा या बुरशीजन्य रोगाची तपकिरी भुकटी दिसली, तर उघड्या बागेत चालणारे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) इथे वापरता येत नाही, कारण त्यातले तांबे माशांना विषारी असते; रोगट पाने काढणे आणि हवा खेळती ठेवणे एवढेच हाती उरते.

तरीही छत ठेंगणे असेल तर माझा कल अंजिराकडे आहे. ते छाटणी सोसते आणि पुरंदरच्या अंजिराला तर फळधारणेसाठी परागीभवनही लागत नाही. पपईचा शेंडा मात्र छताला भिडतोच.