इमिच: फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवायचे तर

गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. फुकटचे १५ जीबी भरत आले की बरेच जण पर्याय शोधत इमिचपाशी येतात, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालणाऱ्या फोटो-ॲपपाशी. ॲप त्याच वळणाचं आहे: टाइमलाइन, चेहऱ्यांनुसार गट, नकाशा, सामायिक अल्बम. सगळं मुक्तस्रोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थिर २.० आवृत्ती आली. त्याआधी प्रत्येक अपडेटला 'आता काय मोडणार' ही धाकधूक असायची.

यंत्र चार कोअर, ८ जीबी रॅमचं घ्या. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी व्यवस्थित पुरतो. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं, पण पहिल्यांदा चेहरे ओळखताना ते रडकुंडीला येतं. थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) आणि रूपांतरित व्हिडिओंसाठी मूळ फोटोंच्या १० ते २० टक्के जागा जास्तीची धरा.

डॉकर कंपोजने (ॲपचे सगळे भाग एका फाइलवरून चालू करणारं साधन) उभारणी अर्ध्या तासाची. दोन गोष्टी मात्र पाळा. डेटाबेसच्या पासवर्डात फक्त इंग्रजी अक्षरं आणि अंक ठेवा. आणि डेटाबेसचा फोल्डर यंत्रातल्याच एसएसडीवर असू द्या, नेटवर्कवरच्या डिस्कवर नको. फोटो कुठेही चालतील.

खरी मेहनत जुने फोटो आणण्यात आहे. टेकआउटच्या, म्हणजे गूगलमधून आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीच्या, झिप उघडून फोटो थेट ब्राउझरमधून चढवू नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंमधली एक्झिफ माहिती (फोटोतच नोंदलेली तारीख, ठिकाण वगैरे) आधीच उडालेली असते. त्यांची तारीख गूगल शेजारच्या जेसन फाइलमध्ये देतं. ब्राउझरमधून चढवताना ती वाचली जात नाही, त्यामुळे दहा वर्षांची लग्नं-मुंजी भलत्याच तारखेखाली गोळा होतात. 'इमिच-गो' हे छोटं साधन झिप न उघडताच फोटो आणि जेसन जुळवतं. टेकआउटचे सगळे तुकडे त्याला एकदमच द्या, कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्यात असू शकते.

घराबाहेरून बघायचं तर आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे असतात (एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), तिथे राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल, म्हणजे आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं व्हीपीएन, सोपं पडतं. दुसरा पर्याय क्लाउडफ्लेअरचा टनेल, म्हणजे त्यांच्या सर्व्हरमार्गे घरापर्यंतची वाट; पण फुकट टनेलमधून १०० एमबीवरची फाइल चढत नाही. फोटो जातात, व्हिडिओ अडकतात आणि दोष ॲपच्या माथी येतो.

वीज गेली-आली की यूएसबी डिस्क वेळेत जोडली जात नाही आणि इमिच सुरू व्हायला नकार देतं. घाबरू नका. प्रत्येक फोल्डरात ते एक खुणेची फाइल ठेवतं; ती दिसली नाही तर रिकाम्या जागी लिहीत सुटण्यापेक्षा थांबतं. डिस्क माउंट करून (यंत्राला जोडून) इमिचचे डॉकर कंटेनर पुन्हा चालू करा.

रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत निघते, शेवटच्या १४ राहतात. पण त्यात फोटो नसतात, आणि प्रतही त्याच डिस्कवर पडते! फोटो आणि ही प्रत, दोन्ही दुसऱ्या डिस्कवर न्यायचं काम तुमचं. ते जमणार नसेल तर गूगलचे पैसे भरत राहिलेलं बरं.

मराठीतून शोधायचं असेल तर फोटोत काय आहे ते ओळखणारं मूळ एआय मॉडेल कामाचं नाही, ते इंग्रजीपुरतं आहे. ॲडमिन सेटिंगमध्ये 'एनएलएलबी-क्लिप' घराण्यातलं मॉडेल निवडा आणि स्मार्ट सर्चचं (फोटोतल्या गोष्टींवरून शोधायची सोय) काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवा, नाहीतर जुने फोटो सापडणार नाहीत. रॅम जास्त खातं, पण आजीलासुद्धा 'समुद्र' म्हणून शोधता येतं.