जुनी ई-क्लास, आठ-नऊ महिन्यांनंतर : डब्ल्यू२१२ चा अनुभव आणि तिच्या आज्या-पणज्यांची कुंडली

गाडी २०१४ ची, मर्सिडीज ई २५० सीडीआय (ई-क्लासच्या या पिढीचा कंपनीतला कोड डब्ल्यू२१२), फेसलिफ्टवाली, म्हणजे पुढचे हेडलाइटचे चार डोळे जाऊन दोन झाले ती. सेकंडहँड, पुण्याचंच पासिंग. घेऊन आठ-नऊ महिने झाले, एक अख्खा पावसाळा काढला, आता लिहायला हरकत नाही. किंमत सगळेच विचारतात म्हणून आधी तेच, टॉप मॉडेल क्रेटा ऑन रोड जिथे जाते त्याच्यापेक्षा कमीत आली, पण इन्शुरन्स, चार टायर आणि पहिली मोठी सर्व्हिस धरली की तो फरक वर्षाच्या आत गायब होतो. त्यामुळे 'क्रेटाच्या पैशात मर्सिडीज' छाप रील बघून उड्या मारू नका.

हीच पिढी का घेतली ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मला मागे जायचंच आहे.

आपल्याकडे ई-क्लास म्हणजे शेठ मागे, पांढरे कपडे घातलेला ड्रायव्हर पुढे. जर्मनीत ही टॅक्सी आहे हो. फिकट क्रीम रंगाच्या ई-क्लासची रांग एअरपोर्टबाहेर उभी असते आणि त्याचं तिथे कोणाला काही वाटत नाही. ही गाडी मुळात दिवसभर चालवणाऱ्या माणसासाठी घडत गेली, हे डोक्यात ठेवलं की तिच्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

१९५३ ची पाँटन ही या घराण्यातली पणजी म्हणायची, पुढच्याच वर्षी तिच्यात डिझेल आलं. मग १९६१ ला मागे शेपटीचे पंख असलेली, आणि १९६८ ला डब्ल्यू११४/११५, डिझायनर पॉल ब्राकच्या हातची, चौकोनी आणि सरळ. तिच्यात १९७४ मध्ये पाच सिलिंडरचं डिझेल बसवलं, प्रवासी गाडीत पाच सिलिंडर डिझेल जगात पहिल्यांदा. स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये याच मॉडेलची एक ग्रीक टॅक्सी ठेवलीय, १९७६ ची २४० डी, ४६ लाख किलोमीटर चाललेली. एवढ्यात इंजिनं बदलली, एकावर कोण चालवतो, पण बॉडी तीच!

१९७६ ला आली डब्ल्यू१२३. सत्तावीस लाखांच्या आसपास बनल्या. सुरुवातीला वेटिंग एवढं होतं की थोडी वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. आफ्रिकेत अजून चालतात त्या. दिसायला साधी, हळू (२०० डी चं पिकअप म्हणजे घाटात मागच्या एसटीने हॉर्न मारावा असं), पण मरायला तयार नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) १९८० पासून मिळायला लागलं, दोनेक वर्षांनी एअरबॅग, दोन्हीला जादा पैसे.

आणि मग डब्ल्यू१२४. इथे मी जरा थांबणार.

१९८४ च्या शेवटी आली, डिझाइनचा प्रमुख ब्रूनो साको. नीट बघा तिला एकदा, कुठेही उगाच एक रेघ नाही. मागचं मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक बऱ्याच दांड्यांनी धरलेलं, लहान बहिणीकडून, १९० या छोट्या मर्सिडीजवरून आलं, आजही मागच्या चाकांचा विषय निघाला की सगळे तिथूनच सुरू करतात. एकच वायपर, पण तो फिरताना लांब-आखूड होत कोपऱ्यापर्यंत पोचतो, काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. लहानपणी सिग्नलला तो वायपर बघायला मिळावा म्हणून पाऊस पडावा असं वाटायचं. ५०० ई नावाचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं व्हर्जन तर पोर्शेच्या मदतीने बनायचं, बॉडी दोन कारखान्यांत ये-जा करायच्या. १९९३ मध्ये नावाची उलटापालट झाली, आकड्यामागचा ई पुढे आला आणि तेव्हापासून अधिकृतपणे ई-क्लास.

ही गाडी आपल्याकडे बनली, आणि कुठे, तर पिंपरीत. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझची ओळख १९५४ पासूनची, ट्रकची. १९९४ ला मर्सिडीज-बेंझ इंडिया झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्याच आवारात डब्ल्यू१२४ जोडल्या जायला लागल्या. तेव्हा जर्मनीत नवी पिढी आलीसुद्धा होती, म्हणजे आपल्याला जाता जाता मिळाली, पण मिळाली ती घराण्यातली सगळ्यात चांगली. बाबा टेल्कोतच होते, दुसऱ्या खात्यात. गेटमधून कव्हर घातलेल्या गाड्या बाहेर पडायच्या ते ते अजून सांगतात, चहा झाला की हमखास.

पुढची डब्ल्यू२१०, चार गोल डोळेवाली. चेहरा तेव्हा भारी वाटला, बक्षीसही मिळालं, पण युरोपात गंजाने बदनाम झाली. डब्ल्यू२११ (२००२) दिसायला माझ्या मते २१० पेक्षा कितीतरी सुंदर, पण तिच्यात ब्रेकचा पेडल आणि ब्रेक यांच्यात कॉम्प्युटर आणून बसवला, एसबीसी म्हणायचे त्याला. २००४ ला सहा लाख ऐंशी हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ च्या फेसलिफ्टला ती सिस्टिमच काढून टाकली. सेकंडहँड २११ बघताय? कुठल्या सालची ते आधी विचारा, सनरूफ नंतर.

२००९ ला डब्ल्यू२१२ आली, माझीवाली, आणि कंपनीचा आपल्याकडचा कारखाना त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधून चाकणला गेला. सुरुवातीच्या २१२ ला मागच्या चाकावर एक फुगवटा आहे, तो पाँटनची आठवण म्हणून दिला होता, २०१३ ला तोही काढला. मला तो आवडायचा. बायकोला नाही. मग फेसलिफ्टवाली घेतली.

आता चालवायला कशी. २१४३ सीसी चार सिलिंडर डिझेल, दोन टर्बो, २०४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क. सकाळी थंड स्टार्ट केली की बाहेर उभा असलेला माणूस वळून बघतो, एवढ्या पैशाच्या गाडीला हा आवाज? आत बसून काच वर केली की काही नाही. आणि टॉर्क म्हणजे काय ते खंबाटकीच्या चढाला कळतं, पाय नुसता टेकवायचा, गिअरबॉक्स घाई करत नाही, गाडी आपली ढग सरकावा तशी वर. एक्सप्रेसवेला क्रूझ लावून १५-१६ देते, सातारा रोडच्या ट्रॅफिकमध्ये दहाच्या आसपास.

मागच्या चाकांना ताकद, त्यामुळे पुढची चाकं वळायला मोकळी. जवळजवळ पाच मीटरची गाडी आमच्या सोसायटीच्या गेटात एका दमात वळते, तिथे शेजाऱ्यांची एसयूव्ही दोनदा मागेपुढे होते. हा टॅक्सीवाल्यांसाठी असलेला गुण बघा, दिवसभर गल्लीबोळात यू टर्न मारायचे असतात त्यांना. पावसात ताम्हिणीला नेली, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा एकदोनदा लुकलुकला, घाबरण्यासारखं काही नाही, पण टायर चांगले पाहिजेत. साइज २४५/४५ आर१७, स्वस्तातले टाकाल तर अर्धी गाडी घालवाल.

सवय लागायला वेळ लागणारी गोष्ट म्हणजे दांड्या. डावीकडे इंडिकेटर आणि वायपर एकाच दांडीत, उजवीकडची दांडी म्हणजे गिअर. मारुती-ह्युंदाईवरून आलेल्याचा हात इंडिकेटरला उजवीकडे जाणार, आणि गाडी न्यूट्रलला. म्हणून कोणाच्या हातात द्यायची असेल तर आधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसवा. पार्किंग ब्रेक डाव्या पायाने दाबायचा, हाताने सोडायचा, हे जुन्या पिढ्यांपासून चालत आलंय. बाबांना कौतुक, पुतण्याला हसू येतं.

सीट! लांब पल्ल्याला उतरल्यावर कंबर आपलीच असते. चिपळूणला जाऊन त्याच दिवशी परत आलोय. चालवणारा दमलाय असं गाडीला वाटलं की डॅशबोर्डवर कॉफीचा कप येतो, विश्रांती घ्या म्हणून, ही सोय याच पिढीत पहिल्यांदा आली. आम्ही त्याला चहाचा कप समजून थांबतो.

न आवडलेलं : स्क्रीन आजच्या मानाने आजोबा आहे, फोन ब्लूटूथवर जोडा आणि गप्प बसा. मागे मधल्या सीटच्या पायाशी बोगद्यासारखा उंचवटा, तिथे मोठा माणूस बसवणं म्हणजे शिक्षा. पाच जण आणि बॅगा असल्या की गावाकडचे स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे, तरी कधीतरी खालून खर्र होतंच.

मागची जागा पुरेशी आहे, ऐसपैस नाही. आणि मुद्दा इथेच आहे. पुढची पिढी डब्ल्यू२१३ आपल्याकडे २०१७ ला आली ती लाँग व्हीलबेसच, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवलेली, जर्मनीतल्यापेक्षा १४० मिलिमीटर लांब, आणि २०२४ ची नवीसुद्धा तशीच. एएमजी (मर्सिडीजच्या जास्त ताकदीच्या गाड्या) वगैरे सोडल्या तर साध्या लांबीची ई-क्लास सेडान आपल्याकडे २१२ लाच संपली. धंद्याच्या दृष्टीने बरोबर केलं, गिऱ्हाइक मागेच बसतं, तक्रार नाही. पण नवी चालवून बघितली, पुढे बसल्यावर आपण नोकरीवर आहोत असं वाटलं. माझ्या गाडीत बाबा कधीच मागे बसत नाहीत, पुढे डावीकडे बसून गिअरकडे बघत असतात.

खर्चाचं सांगतो. कंपनीबाहेर करून घ्यायचं तर माणूस नीट बघा. एका गॅरेजवाल्याने पुढून येणाऱ्या आवाजावर सस्पेन्शनचा अख्खा सेट बदलायचं कोटेशन हातात दिलं, दुसऱ्याकडे नेली तर एक लिंक रॉड निघाला. या इंजिनची टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, ती वाजायला लागली तर काम मोठं, म्हणून घेताना थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून ऐका. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. दिल्लीची स्वस्त दिसली तर तिकडच्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे स्वस्त असू शकते हे लक्षात घ्या, एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एजंट धरून मग हिशोब करा. आणि १५ वर्षांनी आपल्याकडेही री-पासिंग आणि ग्रीन टॅक्स आहेच.

गिअरबॉक्स ऑइल पुढच्या महिन्यात बदलणार आहे, फिल्टरसकट. बिल आलं की आकडा टाकतो इथेच.