‘हार्ड डिस्क गेली’ म्हणत ६,७५० रुपये उकळले

आधी आकडे. व्हिजिट चार्ज ३५०, ‘नवी’ एक टीबी हार्ड डिस्क ३,६००, डेटा काढायचे २,५००, विंडोज टाकायचे ७००. जुनी डिस्क ‘एक्स्चेंज’मध्ये घेतली म्हणून ४०० वजा. एकूण ६,७५० रुपये. आणि कॉम्प्युटर हँग व्हायचं खरं कारण? शंभर रुपयांची साटा केबल, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी डेटाची वायर!

दुकानाचं नाव लिहीत नाही. असले दुरुस्तीवाले गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. हँग होतोय म्हटलं की डिस्क गेली, स्लो चालतोय म्हटलं तरी डिस्कच गेली.

लक्षण असं होतं: माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलं की काही हलत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला. अर्ध्या-एक मिनिटाने साठलेल्या सगळ्या क्लिक एकदम चालतात. ही भानगड डिस्कच्या बाजूचीच, एवढं दुरुस्तीवाला खरं बोलला. (बाणही थिजला आणि कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागेना-विझेना, तर रॅम, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किंवा ग्राफिक्स कार्डकडे बघा. रॅमसाठी मेमटेस्ट हे तपासणीचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा.) पण डिस्कच्या बाजूला डिस्क एकटी नसते. डेटा केबल असते, पॉवरची पिन असते, मदरबोर्डवरचा पोर्ट असतो. केबल सैल असली की डेटा बिघडलेला पोचतो, तो परत मागवावा लागतो, आणि तोवर विंडोज ताटकळत बसतं.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ हा केबलच्या चुकांचा आकडा. तो कधीच शून्यावर परत येत नाही, म्हणून आज किती आहे यापेक्षा वाढतोय का ते बघायचं. जुन्या डिस्कच्या स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये राहिला होता: ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य, सी७ मात्र १,२८४. म्हणजे डिस्क ठणठणीत! इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतही १२९ आणि १५३ नंबरच्या, म्हणजे डिस्कशी संपर्क अडकल्याच्या आणि काम परत करावं लागल्याच्या, नोंदींची रांग होती. खराब सेक्टरची नोंद ७ नंबरची असते, ती एकही नव्हती. अशा डिस्कवरच्या फायली नुसत्या कॉपी-पेस्ट होतात, त्याला ‘डेटा रिकव्हरी’ म्हणून २,५०० लावले.

आता खरी जळजळ. नवी डिस्क बसवल्यावर त्याने स्वतःच तेच सॉफ्टवेअर उघडलं, स्क्रीन वळवली आणि निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. “बघा साहेब, गुड दाखवतंय.” त्याच खिडकीत, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, बोटापासून चार इंचांवर लिहिलेलं होतं: पॉवर ऑन अवर्स ३१,६४०. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त चाललेली डिस्क. त्याच्याच वर पॉवर ऑन काउंट ११२. घरच्या पीसीची डिस्क रोज चालू-बंद होते, तिचा काउंट हजारांत जातो. तास भरमसाट आणि काउंट शंभरभर, ही रात्रंदिवस चालणाऱ्या कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (रेकॉर्डिंगच्या डब्यातून) उचकटलेली डिस्क. बाजूच्या स्क्रूच्या भोकांना ओरखडे होते, पिशवीला सील नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी जीएसटी रिटर्न भरायचं असताना कोण स्क्रूची भोकं बघत बसतो? आणि ‘गुड’ म्हणजे नवी नव्हे, हे सांगायला तो थोडाच येणार होता!

तास शून्य दिसले तरी निर्धास्त राहू नका, ते पुसता येतात. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, ते डिस्कच्या आतच राहणाऱ्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत ती नोंद वाचता येते. इतर कंपन्यांसाठी निदान सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा, आणि तेही पैसे देण्याआधी.

पुढे व्हायचं तेच झालं. डिस्क बदलली, केबल तीच, म्हणून हँगही तेच. ‘नव्या’ डिस्कचाही सी७ वाढायला लागला. केबल बदलली, पोर्ट बदलला, आकडा जागच्या जागी थांबला.

दुकानदाराचं उत्तर: “इलेक्ट्रॉनिक मालाची गॅरंटी नसते.” चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही समोरासमोर पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. यूपीआयने दिलेत म्हटलं तरी नाही! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिल मागितलं. बिल काय, तर कच्च्या कागदावर ‘एचडीडी १ नग’. सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. तक्रार दुकानाकडे ‘पाठवली’, दुकानाने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. उत्तर न देणाऱ्याची तक्रार बंद होते, ही कुठली रीत? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, ऑनलाइनही दाखल करता येतं, सगळं खरं. पण डिस्क जुनी होती हे सिद्ध करायला बिलावर तिचाच नंबर लागतो. म्हणून सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल हातात पडल्याशिवाय क्यूआर कोड स्कॅन करू नका.

सी५ खरोखरच वाढलेला असेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, लावायची घाई नको. तासन्‌तास वाचून मरणारी डिस्क लवकर मरते. आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग काय ते प्रयोग.

आणि जुनी डिस्क कुणालाही देऊ नका, चारशेला नाही की चार हजारांना नाही. क्विक फॉरमॅटने फायली जात नाहीत, फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. आमची डिस्क अजून त्याच्याकडेच आहे, पॅन-आधारच्या स्कॅनसकट, आणि ‘ती कुठे गेली, आठवत नाही’ असं म्हणतो.