फॅमिलीसर्चचा फुल-टेक्स्ट सर्च : चतुःसीमेत सापडलेला शिपाई

भूमी अभिलेख खात्यात मी ३४ वर्षं भूकरमापक होतो. निवृत्तीनंतर मॅसॅच्युसेट्समध्ये मुलीकडे आलो, तेव्हा जावईबापूंनी घरातलं एक जुनं कोडं पुढ्यात ठेवलं. त्यांच्या आईच्या घराण्याचा मूळपुरुष वूस्टर काउंटीतल्या हार्डविकचा शेतकरी. १७५८ मध्ये तो टिमथी रगल्स यांच्या पलटणीतून टिकोंडेरोगाच्या (न्यूयॉर्कमधल्या फ्रेंच किल्ल्यावरच्या) स्वारीला गेला होता. रगल्सही हार्डविकचेच. पण गावात त्या नावाची माणसं दोन! शिपाई कोणता आणि आपला कोणता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याआधी वंशावळींच्या एका सशुल्क संकेतस्थळाची वर्षभराची वर्गणी भरून झाली होती. तिथल्या वंशवृक्षात कुणीतरी दोघांचा एकच माणूस केला होता, एकाची बायको दुसऱ्याच्या नावावर. बाकीच्यांनी तेच उतरवून घेतलेलं. एकाही नोंदीखाली मूळ कागद नाही. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याचा बाप आपला म्हणून लावणं ही साधी चूक नव्हे.

मग फॅमिलीसर्चवर खातं उघडलं. ही लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चची वंशावळी शोधण्याची सेवा, पूर्णपणे विनामूल्य. १९३८ पासून त्यांनी देशोदेशींच्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म केल्या आणि २०२१ मध्ये त्या फिल्म डिजिटल करून संपवल्या. २०२४ मध्ये आलेल्या फुल-टेक्स्ट सर्चमध्ये यंत्र हस्तलिखिताचं पानच्या पान वाचतं. सुरुवात त्यांनी अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि वारसाच्या दप्तरांपासून केली, आणि माझ्यासारख्याला नेमकं तेच हवं होतं.

जुन्या सूचीत फक्त देणार आणि घेणार यांची नावं असतात. माणूस मात्र खताच्या पोटात असतो : साक्षीदार म्हणून, लगतचा खातेदार म्हणून. आम्ही खत हाती आलं की आधी चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोणाची हद्द लागते ते, वाचायचो. इथेही तेच केलं. नाव अवतरणचिन्हांत घातलं, जागा वूस्टर, साल १७५० ते १७८०. आमचा माणूस शेजाऱ्याच्या खरेदीखतात पश्चिम हद्दीवर उभा! नावापुढे ‘ज्युनियर’. त्या काळी या शब्दाचा अर्थ मुलगा असा धरायचा नसतो. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने लहान तो ज्युनियर, मग तो पुतण्या असो की परका. थोरला वारला की धाकट्याची ही शेपटी गळते. वंशवृक्षातला घोळ इथेच झाला होता.

त्याच भागातल्या ओढ्याच्या काठचं एक बक्षीसपत्र पुढे निघालं. बापाने ‘माझ्या मुलाला’ म्हणून ४० एकर दिलेले. बॉस्टनच्या राज्य अभिलेखागारातल्या हजेरीपटात वयाने अज्ञान शिपायांपुढे कोणाचा मुलगा किंवा कोणाचा चाकर हे लिहिलेलं असतं, तिथे हेच बापाचं नाव. म्हणजे शिपाई तो धाकटाच. वसंतात भरती, हिवाळ्याच्या तोंडाशी घरी, असा या पोरांचा हंगाम. ८ जुलै १७५८ ला सुमारे १६,००० च्या इंग्रज फौजेने टिकोंडेरोगाला फ्रेंचांच्या साडेतीन हजारांपुढे हार खाल्ली, दोनएक हजार पडले किंवा जखमी झाले. हा पोरगा परत आला आणि त्याने जमीन कसली. पुढे ती विकताना बायकोने विधवा झाल्यास मिळणारा आपला एकतृतीयांश हक्क सोडल्याची सही केली आहे, त्यामुळे तिचंही नाव मिळालं. तो कागद वाचताना जावईबापू गप्प झाले होते.

मोजणीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. खतात अंतरं ‘रॉड’मध्ये असतात. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे आपल्या ३३ फुटांच्या साखळीत बरोबर दोन रॉड. चार चौरस रॉडांचा एक गुंठा, १६० चा एक एकर. पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत इतके अंश, इतके रॉड असं वाचत मी कागदावर नकाशा उतरवला आणि सुरुवातीच्या ओकपाशी येऊन तो मिटला, तेव्हा हात थरथरत होते.

वापरणाऱ्यांना सांगतो. जुन्या लिपीतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’सारखा दिसू शकतो, तेव्हा नाव दोन्ही रीतींनी शोधा, शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घाला. यंत्राने उतरवलेल्या मजकुरावर थांबू नका, मूळ पान डोळ्यांनी वाचा. काही पानं करारांमुळे फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडतात. १७५२ पूर्वी इंग्रजांच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आपलं चैत्रात सुरू होतं तसं. म्हणून फेब्रुवारीतली १७४७/४८ अशी जोडतारीख दिसली तर आपल्या हिशेबाने साल १७४८ धरा. फॅमिलीसर्चवरचा सामायिक वंशवृक्ष कुणीही बदलू शकतो, तो मी फक्त वाटाड्या म्हणून पाहतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. आता त्या बाईचं माहेर शोधतोय. तिच्या बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी’ म्हणून ती सासरच्या नावाने आली असेल, म्हणून रोज सकाळी तासभर शेजारच्या गावांची मृत्युपत्रं चाळतो.